बंद न केलेल्या दिवसाचं वजन

मुलांनो, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही हसलात, की आजी एक ओळ टाइप करते आणि लगेच सेव्ह करते. त्याचं कारण सांगायचं राहून जायला नको, म्हणून आजच लिहायला बसले.

कापसाचे भाव पडलेले ते दिवस. घाटंजी तालुक्यातल्या एका खरेदी केंद्राचं कार्यालय मी सांभाळत होते. इंग्रजी येतं म्हणून नव्या संगणकाची जाडजूड पुस्तिका माझ्याच टेबलावर येऊन पडली. भरलेली बैलगाडी काट्यावर घ्यायची, वजन संगणकात घालायचं, कापूस गंजीवर ओतायचा, रिकामी गाडी पुन्हा काट्यावर. मग काटापट्टी छापून शेतकऱ्याच्या हाती.

एका दुपारी एका बाईंची गाडी रिकामी होत असतानाच वीज गेली. परत आली तेव्हा पडद्यावर सकाळपासूनची एकही नोंद नव्हती. बाकीच्यांकडे पट्ट्या होत्या, त्यावरून आम्ही पुन्हा नोंदी केल्या. या बाईंकडे पट्टी नव्हती आणि कापूस गंजीत मिसळलेला.

"बाई, माहा कापूस तुमच्या गंजीत गेला, अन् तुमचा डब्बा म्हन्ते गाडी आलीच नाई?"

मी ऑपरेटरला विचारलं, सकाळपासूनच्या नोंदी पक्क्या का केल्या नाहीत?

"मॅडम, फाटकात गाडी उभी हाय तंवर दिवस बंद करत नाई आपण. शेतकऱ्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं होते."

कागदाच्या काळातली ही केंद्राची रीत त्याने संगणकालाही लावली होती. पण दिवस बंद केल्याशिवाय संगणक नोंदी पक्क्या करत नसे. वीज गेली तेव्हा त्याच्या लेखी दिवस अर्धवट राहिला, म्हणून संगणकाने तो अख्खा टाकून दिला.

पुस्तिकेत लिहिलं होतं, की नोंद पक्की होण्याआधी संगणक तिचं कच्चं टिपण जर्नल नावाच्या फाइलीत ठेवतो, आणि काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून ती वाचता येते. मी आज्ञा टाइप केली. ओळी धडधडत वर पळाल्या, एकही वाचता येईना. थांबत थांबत दाखवण्याची खूण शोधून घातली, तर फक्त बंद झालेले दिवस दिसले. आजचा नाहीच! इतका संताप आला, की पुस्तिका भिरकावून द्यावीशी वाटली. शेवटच्या परिशिष्टात बारीक अक्षरांत सापडलं: अर्धवट नोंदी हव्या असतील तर तसं वेगळं सांगावं लागतं. सांगितलं. बाईंचं नाव आलं, गाडी आली, भरलेलं वजन आलं. रिकामी गाडी तर दारातच उभी होती; ती काट्यावर घेऊन वजा केली की कापसाचं वजन निघणार होतं.

मी धावत केंद्रप्रमुखांना बोलावून आणलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, न पाहिल्यासारखं.

"पक्की नोंद नाही, म्हणजे नोंद नाही. उद्या कोणीही असं काहीतरी काढून दाखवेल."

मी पुस्तिकेतलं पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. हमालांना विचारून अंदाजाने कापसाचं वजन धरलं गेलं, पडद्यावरच्या आकड्यातून गाडी वजा करून निघत होतं त्यापेक्षा कमी.

"डब्ब्याले दिसते, सायबाले दिसत नाई," बाई बैल जुंपताना म्हणाल्या. "कायले शिकवलं मंग त्याले?"

मी आत जाऊन त्या फाइलीची प्रत काढली आणि पुढे प्रत्येक नव्या संगणकावर नेली. ती अजून उघडते. बाईंच्या गाडीचं भरलेलं वजन तिच्यात आहे.