हर्षला उंच झाली

टाळेबंदी लागायच्या आधी पुण्याचं क्रीडा वसतिगृह रिकामं करायला सांगितलं, तेव्हा हर्षला चौदा वर्षांची होती आणि राज्याच्या जिम्नॅस्टिक्स संघात होती. तिचे वडील संतोष ओळखीच्या माणसाचा टेंपो घेऊन तिला न्यायला आले. मागे दोन बॅगा आणि एक गुंडाळलेली मॅट. खोपोली आली तरी तिला वाटत होतं, पंधरा दिवसांत परत जाऊ.

घर म्हणजे कळंबजवळच्या एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरामागच्या दोन खोल्या. संतोष तिथे देखरेखीला, आई जिजा स्वयंपाकाला. शनिवार-रविवारी पाहुण्यांची झुंबड असायची आणि स्पर्धाही नेमक्या शनिवार-रविवारीच असायच्या. त्यामुळे नवव्या वर्षी निवड होऊन मुलगी पुण्याला गेली, पदकं आणू लागली, पण आईवडिलांनी तिला खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. पदकं टीव्हीच्या वर टांगलेली होती, तेवढंच.

आता रिसॉर्ट बंद होतं. हर्षला सकाळी पडवीत भिंतीला पाय लावून हातांवर उभी राहायची, ताण घ्यायची, जेवणाच्या हॉलमध्ये पळायची. उड्या मात्र मारता येईनात. खाली फरशी होती. एके दिवशी ती पोहण्याच्या तलावाच्या काठावर उभी राहून आत बघत राहिली. पाण्यात औषध टाकायला कोणी येणार नाही म्हणून संतोषनी तो उपसून कोरडा केला होता.

"पप्पा, स्टोअरमधल्या जुन्या गाद्या यात टाकल्या तर?"

संतोषनी मुंबईला रिसॉर्टच्या मालकांना, शेठना, फोन लावला. शेठ म्हणाले, "जुन्या घ्या. नव्यांना हात लावू नका. आणि पोरीला काही झालं तर माझ्यावर आणू नका."

तलावाच्या खोल बाजूला गाद्यांचा थर पडला. हर्षला काठावरून धावत यायची, हवेत कोलांटी घ्यायची आणि गाद्यांवर कोसळायची. कधी पायांवर, बहुतेक वेळा पाठीवर. जिजा वाल सोलत काठावर बसायची आणि प्रत्येक वेळी तिचा हात थांबायचा. संतोष दुसऱ्या दिवशी बघायला आले. बराच वेळ उभे राहिले.

"रोज येवढी पडतीस?"

"हो."

"तिकडं पन?"

"तिकडं जास्त."

दुपारी संतोषनी आणखी चार गाद्या आणून टाकल्या.

प्रशिक्षक सुरभी मॅडम पुण्यात होत्या. रिसॉर्टमध्ये नेट फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर धरायचं. हर्षला सरावाचे व्हिडिओ काढायची, जिन्यावर जाऊन पाठवायची आणि तिथेच बसून मॅडमच्या फोनची वाट बघायची. मेअखेरीला मॅडमनी विचारलं, "हर्षला, तू उंच झालीस का गं?"

आईने तिला दाराच्या चौकटीवरच्या जुन्या खुणेशी उभं केलं. चांगली दीड इंच वाढली होती, आणि वाढणं थांबलेलं नव्हतं. खेळाचा पोशाख खांद्यावर काचायला लागला होता, ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

जूनच्या सुरुवातीला वादळ येणार म्हणून बापलेकींनी गाद्या आत नेल्या. वादळाने पत्रे उडवले, झाडं पाडली. आवारातली एक निलगिरी आडवी झाली. तलाव पाण्याने आणि पाल्याने भरला, तेव्हा तिथला सराव संपला. गावातल्या प्रवीण सुतारांनी निलगिरीच्या खोडातून एक लांब, चार इंच रुंदीची तुळई काढून दिली. तिच्यावर जुनं कार्पेट ताणून बसवलं, जेवणाच्या हॉलमध्ये सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवली, आणि हर्षलाला तोल सांभाळत कसरती करायचा बीम मिळाला.

त्या बीमवरच तिचं बिनसलं. मागे झुकून हातांवर जायचं आणि पायांवर उतरायचं, ही फ्लिक ती दहाव्या वर्षापासून करत होती. आता हात जागेवर पडायचे आणि पाय भलतीकडे. एकदा नडगी घासली, एकदा ती कुशीवर पडली. मग ती बीमवर हात वर करून उभी राहायची, श्वास घ्यायची आणि खाली उतरायची. रोज. मॅडमना सांगितलं, पावसामुळे नेट नाही.

त्याच दिवसांत आजी धोंडूबाईच्या शेतात भाताची लावणी सुरू झाली. हर्षला सरावाला बुट्टी मारून आईबरोबर लावणीला गेली. तासाभरात कंबर धरून बांधावर बसली. धोंडूबाई हसली. "जिमनॅष्टिकवाली ना गं तू? मंग तुजी कंबर कशी दुखती?" बायाही हसल्या. हर्षलाही हसली आणि हसता हसता तिला रडू आलं.

घरी येताना तिने आईला सगळं सांगितलं. "आई, मी उंच झाले. माझं संपलं बहुतेक."

जिजा चिखलाचे पाय गवतावर पुसत होती. "उंची काय कापून टाकता येत नाय गं. पन मॅडमला खोटं कशाला सांगतीस? नाय जमत तर नाय जमत म्हन."

संध्याकाळी तिने जिन्यावरून फोन केला. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बीम ठोकळ्यांवरून काढ. जमिनीवर ठेव. चालण्यापासून सुरू कर."

"मॅडम, ते तर सहा वर्षांच्या मुली करतात."

"हो. पण तुझं हे नवं शरीर त्यांच्याहूनही लहान आहे. चार महिन्यांचं. त्याला काहीच येत नाही अजून."

पावसाळाभर ती चालली. टाचा उचलून, मागे, वळून, एका पायावर. तिला त्याचा कंटाळा यायचा, लाजही वाटायची. मग हळूहळू लाज गेली, कंटाळा तेवढा राहिला. दसऱ्याच्या आसपास एका सकाळी ती मागे झुकली आणि पाय तुळईवर आले. तिने कोणाला हाक मारली नाही. पुन्हा केलं. पुन्हा आले. तेव्हा ती ओरडली, "आई!" जिजा पिठाच्या हातांनी धावत आली. तिसऱ्यांदा हर्षला पडली, पण मायलेकी दोघी हसत होत्या.

वसतिगृह उघडल्यावर ती परत गेली. बीम आणि फ्लोअर म्हणजे मॅटवरचा प्रकार, हे दोन्ही तिने सांभाळलं. एक वर, एक खाली अशा दोन दांड्यांच्या बारवर मात्र खालच्या दांडीवरून झोका घेताना पाय जमिनीला लागायचे, आणि वर्षभर बार न धरलेल्या हातांना फोड यायचे. वर्षभर झटून ती स्वतःच मॅडमकडे गेली आणि म्हणाली, "बार सोडते." मॅडमनी विचारलं, "खरंच?" ती "हो" म्हणाली. त्यानंतरच्या राज्य स्पर्धेत ती बीमवर तिसरी आली.

हर्षला आता वीस वर्षांची आहे. पुण्यात शिकते आणि अजून खेळते. बारची आठवण येते का, असं कोणी विचारलं तर ती "येते" म्हणते. सराव संपून हॉल रिकामा झाला की कधी कधी ती वरच्या दांडीला लटकते, दोन-चार झोके घेते आणि पकडीसाठी हातांना लावलेली पावडर झटकून जेवायला जाते.