आतून गेलेला पत्ता

न वाचता सही करण्याचा मूर्खपणा मी पोलिसातल्या नोकरीत एकदा केला आणि त्याची शिक्षा दुसरीला दिली. तो दिवस अजून डोळ्यांपुढून हलत नाही. तेव्हा माझा तोरा काय सांगू! आरशासमोरही सावधान उभी राहायची.

नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून आलेल्या एका मुलीला आम्ही सेलूला तिच्या मावशीकडे ठेवलं होतं. ठाण्याच्या कॉम्प्युटरवर तिचा पत्ता बघायची परवानगी दोघींनाच होती, मला आणि माझ्या महिला शिपायाला. एका सकाळी मावशीचा फोन आला.

"मॅडम, जावई दारात उभा हाय. कडी लावलीय, लवकर या!"

आम्ही पोचेपर्यंत शेजारणींनी त्याला घेरलं होतं. मुलगी आत कडी धरून उभी होती. त्याला ताब्यात घेतलं, पण चौकशी मी आधी शिपायाचीच केली. पत्ता उघडल्याची नोंद एकच होती, तिच्या नावावर.

"कुणाला सांगितलास?"

"म्या न्हाई सांगितला, मॅडम. तिला भेटायला जायचं होतं तवा उघडला."

दोन तास उभी केली. निलंबनाची भीती घातली. ती रडली, आणि मी त्यालाच कबुली समजले. केवढी हुशार मी!

संध्याकाळी मुलीच्या नवऱ्याला पत्ता कुठून मिळाला ते विचारलं. "तुमीच धाडला की," म्हणत त्यानं खिशातून नोटीस काढली. त्याला ठाण्यात हजर राहण्याची. बायकोच्या नावाखाली सेलूचा पत्ता आणि तळाशी माझी लफ्फेदार सही.

ठाण्याचं सॉफ्टवेअर करणारी इंजिनिअर परभणीचीच. धावत आली, तपासून खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, पत्ता देणाऱ्या मेथडपुढं, म्हणजे प्रोग्रामच्या त्या तुकड्यापुढं, प्रॉक्सी आहे, राखणदारच म्हणा. प्रोग्राम चालू झाला की तो आपोआप तयार होतो आणि त्या मेथडचंच सोंग घेऊन दारात उभा राहतो. बाहेरची हाक आधी तो अडवतो, परवानगी बघतो, नोंद करतो, मग आत सोडतो. पण नोटीस छापणारी मेथड त्याच घरातली. तिनं आतल्या आत पत्ता मागितला. दारातल्याला कळलंच नाही."

इंजिनिअरनं आतली हाकही प्रॉक्सीकडून फिरवली. माझ्या सहीला मात्र कुणी अडवायला नव्हतं.

मुलीला दुसरीकडे हलवलं. मग मी पोखर्णीला शिपायाच्या घरी गेले, सासूसमोर तिला हात जोडून माफी मागितली. तिनं माझे हात खाली केले, पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाली,

"माफी ऱ्हाऊ द्या, मॅडम. त्या पोरीचा नवा पत्ता तेवढा मला बी सांगू नका."