पूर्ण भरल्याशिवाय नाही

कालीपा-एजे कुणाचं भांडं रिकामं परत पाठवायची नाही. तसं आम्ही कुणीच पाठवत नाही म्हणा. शेजारणीची वाटी आली की तिच्यात कणकेचे दोन बोरसोक तळून घालायचे, नाहीतर सुक्या दह्याचे चार गोळे, आणि मगच ती परत द्यायची. पण कालीपा-एजेने हा नेम फोनलाही लावला. रिकामा आलेला फोन पूर्ण भरल्याशिवाय तिच्या तंबूतून बाहेर पडायचा नाही.

उन्हाळ्यात वरच्या कुरणावर आमचे नऊ तंबू असतात. वीज नाही. नेटवर्क येतं ते फक्त खिंडीखालच्या काळ्या कातळापाशी, आणि तिथे पोचायला घोड्यावरून तीन तास. तरी प्रत्येकाला फोन हवाच. माझ्या नवऱ्याला, एसेनकुलला, तर सगळ्यात जास्त. तो परदेशी पाहुण्यांना घोड्यांवरून खिंडीपलीकडच्या तळ्यावर न्यायचा. असं चार-चार दिवस रानात फिरताना कुणाचा पाय मुरगळला, कुणाला उंची बाधली, तर कातळाशी येऊन खाली गावात कळवायचं कसं?

सोलरची पाटी सगळ्या कुरणात एकट्या कालीपा-एजेकडे होती. पोलंडची एक बाई जाताना ठेवून गेलेली. सगळ्यांची एजे, म्हणजे थोरली बहीण, पण विधवा, मूलबाळ नाही, दोन दुभत्या घोड्या आणि एक भुंकरं कुत्रं. दर दोन तासांनी घोड्यांच्या धारा काढायला उठायची, तेव्हा जाता जाता पाटी उन्हाकडे फिरवायची. फोन मात्र पाटीच्या सावलीत, ओल्या फडक्याशेजारी ठेवायची, तापू नयेत म्हणून. कुणाचा किती भरला हे तिला न बघता सांगता यायचं. शिवाय प्रत्येकाला शिकवण असायचीच.

"खोगिराच्या पिशवीत ठेवू नकोस रे, छातीशी ठेव. थंडी बॅटरी पिऊन टाकते. आणि कातळ येईपर्यंत बंद ठेव. नाहीतर बिचारा दिवसभर नेटवर्क हुडकत मरतो."

"एजे, माझी काळजी कर की थोडी, फोनची काय करतेस?" एसेनकुल म्हणायचा.

"तुला काय धाड भरलीय? तू घोडीच्या दुधाचं दोन वाट्या कुमिस प्यायलास की भरतोस."

एसेनकुल तसा थट्टेखोरच. वर कुरणावर एक कोंबडी दिसणार नाही, म्हणून त्याने फोनच्या गजरात कोंबडा लावून ठेवला होता. रोज पहाटे पाचला कोंबडा आरवायचा, नऊ तंबूंतली कुत्री भुंकायची, आणि मी पांघरुणातून ओरडायचे, "बंद कर तो मेला कोंबडा!"

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत तो पाहुण्यांना पोचवून परत आला, तेव्हा फोन पार मेलेला होता. त्याने तो एजेकडे टाकला. दुसरा दिवस ढगाळ. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर भाड्याने आणलेला एक घोडा दावं तोडून खिंडीच्या वाटेने पळालेला. एसेनकुल फोन घ्यायला गेला. अकरा टक्के भरला होता.

एजे म्हणाली, "अकरा टक्क्यांचा फोन हातात देऊ होय? दुपारपर्यंत थांब."

"दुपारी तर मी परत येतोय. भरून ठेव. आणि चहा टाकून ठेव."

एवढं म्हणून तो हसत घोड्यावर बसला. हे मी सगळ्यांना सांगितलं. अगदी असंच सांगितलं, पुढे वर्षभर.

दुपारी फोन पूर्ण भरला. एसेनकुल आला नाही. संध्याकाळी वर बर्फ पडलं, आणि वाट दिसेना म्हणून पुरुष माणसं अर्ध्यातून परतली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, तेव्हा तो सापडला. घसरणीवर घोड्यासकट पडला होता, पाय मोडला होता. तशा पायाने सरपटत सरपटत तो काळ्या कातळापर्यंत गेला होता आणि कातळाला पाठ टेकून बसला होता. जिथे नेटवर्क येतं, नेमका तिथे. फोन नाही हे ठाऊक असून तो तिथे का गेला, कुणास ठाऊक. सवयीने गेला असेल.

तंबूत मयत असताना बाहेर पुरुषांचा वाद चालला होता. माझा दीर म्हणाला, "अकरा टक्के त्या थंडीत दहा मिनिटं टिकले नसते."

दुसरा कुणीतरी म्हणाला, "दहा मिनिटं पुरली असती."

हे मी आतून ऐकलं.

तिसऱ्या दिवशी कालीपा-एजे आली. हातात वाटी, वाटीत बोरसोक, आणि वर एसेनकुलचा फोन. मी वाटी घेतली, फोन तिच्या अंगावर फेकला.

"भरला ना पूर्ण? मग आता तूच लाव त्याला फोन!"

एजेने फोन उचलला, पदराआड धरावा तसा कोटाच्या आत धरला आणि निघून गेली.

त्यानंतर मी तिच्याशी बोलले नाही. हिवाळा गावात काढला, तिच्या दारावरून जाताना मान फिरवली. तिची वाटी माझ्या फळीवर पडून होती. रिकामी परत देता येत नव्हती आणि भरून द्यायची मला इच्छा नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा वर चढलो. एजेने पाटी मांडली, पण बाई पार बदलली होती. फोन लावून कुणी पाठ फिरवायच्या आत ती तो काढून हातात कोंबायची. सहा टक्के असोत की नऊ, "ने बाबा, ने" म्हणायची. लोक हसायचे, "एजे, जरा शिजू तर दे!" ती हसायची नाही.

एसेनकुलचे घोडे होते, पाहुणे येतच होते. मग मीच न्यायला लागले त्यांना. फोन दिराचा मुलगा खालच्या गावातून भरून आणायचा. पण ऑगस्टात एकदा दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरलेलं, चार पाहुणे येऊन बसलेले, आणि माझा फोन ठार. गावात जाऊन येईपर्यंत दिवस गेला असता. मी बोरसोक तळले, वाटी भरली, फोन वर ठेवला आणि दुपारी एजेच्या तंबूत गेले.

ती धडपडून उठली. "कोण, सूनबाई?"

"तुझी वाटी," मी म्हणाले.

तिने वाटीकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं आणि काही न विचारता तार लावली. मी जोडा चढवतेय तोच तिने फोन काढून पुढे केला.

"चार झाले. घेऊन जा."

"चार?"

"घेऊन जा ग बाई, थांबू नकोस."

"भरू दे, एजे."

"नको!"

"भरू दे म्हणते ना. मी बसते."

मी जोडा काढला आणि लोकरीच्या नमद्यावर बसले. ती उभीच. मग वर्षभर कुणाला न सांगितलेलं मी तिला सांगितलं.

"तो थांबत नव्हता. अकरा तर अकरा म्हणून तार ओढायला त्याने हात घातला होता. मी त्याच्या हातावर चापट मारली. म्हटलं, दुपारी तर येतोयस, एजेचा नेम कशाला मोडतोस. हे मीच म्हटलं, तू नाहीस. आणि लोकांना मी फक्त तुझं सांगितलं."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "मी होते की तिथे."

"मग बोलली का नाहीस? गाव तुझ्या तोंडावर थुंकलं!"

"नवरा गेला होता तुझा. त्यात आणखी हे कुठे घालायचं होतं?"

मी रडले. किती रडले ते सांगत नाही. ती मधेच उठून धारा काढायला गेली, पाटी फिरवली, परत आली, चहा ओतला. चार वाजता माझा फोन पूर्ण भरला. तो देताना तिने कोटाच्या आतून दुसरा फोन काढला. एसेनकुलचा. तोही पूर्ण भरलेला.

"एकदाही मरू दिला नाही," ती म्हणाली. "रिकामा कसा परत करणार होते? फक्त त्यातला कोंबडा बंद केला नाही. रोज पाचला आरवतो. आधी कुत्रं भुंकायचं, आता त्यालाही सवय झालीय."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला माझ्या तंबूत कोंबडा आरवला. पाहुणे दचकून उठले. बाहेर नऊ तंबूंतली कुत्री भुंकायला लागली. मी तो बंद केला नाही, आपला आपण थांबेपर्यंत आरवू दिला. मग दोन्ही फोन छातीशी ठेवले आणि घोड्यांवर खोगीर घालायला गेले.