दाखवायची खोली

मंगळवार, १४ मार्च. सकाळच्या बसने निघालो, दुपारी पोचलो. वाटेत वन्संना बस लागली. लिंबू चोखल्यावर बऱ्या झाल्या. चार ठिकाणी खोल्या पाहून पाचव्या ठिकाणी जमलं, तेही वरच्या खोल्यांच्या निम्म्या भावात. खोलीला कुबट ओला वास आहे, पण भिंती अगदी कोरड्या. असं कसं?

डायरीत मी सहसा प्रश्न लिहीत नाही. त्या दिवशी लिहिला, आणि त्याचं उत्तर शोधता शोधता ज्या बाईची ओळख झाली तिच्याविषयी आता सांगते.

आधी वन्संविषयी सांगायला हवं. वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. सरकारी दवाखान्याच्या खरेदी विभागात त्यांचा जन्म गेला. कापसाच्या गुंडाळीपासून लोखंडी खाटांपर्यंत सगळ्यांचे भाव पाडण्याचा त्यांना पगार मिळे. हे गेल्यावर आम्ही दोघी एकत्र राहायला लागलो आणि वर्षातून एकदा परदेशात हिंडायला लागलो. सहलकंपनीबरोबर एकदा गेलो होतो, पण तिथे दिवसभर 'चला, चला' ऐकून वन्सं वैतागल्या. मग आम्ही पाठीवरच्या सॅक घेतल्या. माझा मुलगा म्हणाला, "आत्या, पाठीवर बोचकं घेऊन फिरायचं वय आहे का हे?" वन्सं म्हणाल्या, "अरे, डोक्यावर तर घेत नाही ना?"

खोली आधी ठरवायची नाही, हा त्यांचा नियम. नव्या गावात उतरलं की मला दोन्ही सॅकसकट एखाद्या बाकावर बसवायचं आणि स्वतः हात हलवत जायचं. "ओझं दिसलं की भाव चढतो, वहिनी." खोलीत गेल्यावर भाव विचारायचा नाही. पलंगावर बसायचं, उशी हुंगायची, नळ सोडून ठेवायचा, भिंतीवर हात फिरवायचा, खिडकी उघडून खाली काय आहे ते पाहायचं. समोरच्याने भाव सांगितला की समाचाराला गेल्यासारखा सुस्कारा टाकायचा. हे सगळं मराठीत. वन्सं कुठल्याही देशात मराठीच बोलतात आणि लोकांना ते कळतं. नाहीच कळलं तर कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी आहेच दुभाषी म्हणून.

ते लॉज म्हणजे एक चिंचोळी इमारत होती. खाली शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान, शेजारी लाकडी जिना, जिन्याच्या तोंडाशी घंटा. लॉज चालवणारी बाई पन्नाशीची, बुटकी, अंगाने भरलेली. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, एका गुडघ्याला पट्टी बांधलेली, कमरेला किल्ल्यांचा भला मोठा जुडगा. वन्संनी तिला बघताक्षणी 'किल्लेदारीण' करून टाकलं. ती इंग्रजी बोलायची, माझ्यापेक्षा जरा मोडकं, आणि आमचे पांढरे केस पाहून तिने आम्हाला तिच्या भाषेतलं जे काही म्हटलं ते मी मावशी असंच धरून चालते.

किल्लेदारणीने वन्संना आधी पहिल्या मजल्यावरची मागची खोली दाखवली. मिणमिणता दिवा, तपकिरी रंगाचा कळकट पडदा, आणि नाकाला पदर लावावा असा वास. दाखवतानाच नाक मुरडून, वर बोट करत ती म्हणाली, "ही अशी आहे. तुम्हाला नाही आवडायची. वरती छान उजेडाच्या आहेत."

वन्संनी कान टवकारले. "विकणारा स्वतःच्याच मालाला नावं ठेवतोय, हे मी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं गं," हे त्यांनी मला नंतर सांगितलं. त्यांनी भिंतीवर हात फिरवला. कोरडी. कोपऱ्यात हात फिरवला. कोरडा. मग दाराच्या मागे डोकावल्या, तर तिथे बादली आणि बादलीत ओलं फरशी पुसायचं फडकं. वन्संनी बादली उचलून बाहेर ठेवली आणि म्हणाल्या, "हीच."

"वरची बघा तरी."

"बघितली असं समजा. हीच. तीन रात्री. निम्मे."

निम्मे म्हणताना बोटाने हवेत रेघ मारून अर्धं करून दाखवलं. किल्लेदारणीने मान डोलावली.

मी वर आले तेव्हा वन्सं पलंगावर पाय सोडून बसल्या होत्या, पण चेहरा पडलेला. "भांडलीच नाही गं ती! एवढी निम्म्यात मिळाली, पण मजा नाही आली."

वन्सं आडव्या झाल्या आणि घोरायला लागल्या. मी सॅकमधून डायरी काढली, चष्मा पुसला आणि खोली पाहत बसले. मला नव्या खोलीत झोप लागत नाही, पाहण्यातच वेळ जातो.

आणि पाहता पाहता माझ्या लक्षात यायला लागलं की या खोलीत कुणीतरी राहतं. पाहुणा राहतो तसं नव्हे, माणूस घरात राहतो तसं. दिव्याची दोरी भिंतीपाशी लोंबत होती, पण तिला निळी फीत बांधून ती उशीपर्यंत आणलेली होती, उठावं लागू नये म्हणून. पलंगाच्या चारी पायांखाली लाकडाचे ठोकळे होते. उंच पलंगावरून उठायला कुणाला सोपं जातं? ज्याचे गुडघे दुखतात त्याला. खिडकीच्या चौकटीचा रंग एकाच जागी उडून लाकूड गुळगुळीत झालं होतं, कोपर टेकून रोज बसावं तसं. कपाटाच्या दाराला आतून एक सुई टोचलेली, दोरा ओवलेला. वरच्या फळीवर फुलाफुलांचा एक स्वच्छ पडदा घडी करून ठेवलेला आणि त्याच्या कड्या अजून पडद्यातच.

मी तो पडदा उलगडून खिडकीपाशी धरला. तंतोतंत बसत होता.

संध्याकाळी गरम पाणी आणायला खाली गेले. जिन्याखाली चादरी ठेवायचा एक खण होता, त्याचं दार उघडं होतं. आत धुतलेल्या चादरींच्या थप्प्यांमध्ये किल्लेदारीण ओणवी होऊन वळकटी पसरत होती. पट्टी बांधलेला गुडघा वाकत नव्हता, म्हणून तो पाय दाराबाहेर.

मी विचारलं, "आमची खोली तुझी आहे ना?"

ती दचकली. मग खाली बसली आणि चक्क हसायला लागली. "तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी घेतली, मावशी. मला भांडायचंसुद्धा सुचलं नाही."

पाण्याची किटली तापेपर्यंत तिने जे सांगितलं ते असं. इमारत तिच्या थोरल्या दिराची. तिचा नवरा बोटीच्या इंजिनांची कामं करायचा. तो गेल्यावर दिराने हिला लॉज बघायला ठेवलं. झाडणं, धुणं, पाहुणे, हिशेब, सगळं हिच्याकडे आणि झोपायला हा जिन्याखालचा खण. "दीर वाईट नाही," ती म्हणाली. "त्याला फक्त रिकामी खोली बघवत नाही. रिकामी खोली दिसली की त्याच्या पोटात दुखतं." मागच्या खोलीत एकदा पाइप फुटून पाणी झिरपलं. पाहुण्यांनी बोंब मारली, पैसे परत मागितले. दीर वैतागून म्हणाला, ही खोली आता कुणी घेणार नाही, तूच झोप तिथे. नळवाल्याच्या मागे उभं राहून राहून ही पाइप जोडायला शिकली होती. हिने एका दुपारी गुपचूप पाइप दुरुस्त केला, भिंती वाळू दिल्या, फुलांचा पडदा शिवला.

"मग बादली कशाला?"

"झोप म्हणाला, पण दिराने आशा सोडली नाही. दर बुधवारी येतो आणि पाहुण्यांनाच विचारतो, मागची खोली दाखवली का म्हणून. मी खोटं सांगितलं तर पकडली जाईन. म्हणून दाखवते. सगळ्यांना. सगळ्यात आधी."

घंटा वाजली की पाहुणा जिना चढेपर्यंत तिला वेळ मिळतो. फुलांचा पडदा काढायचा, तपकिरी अडकवायचा, दिवा बदलायचा, बादली दारामागे. लंगडत का होईना, पण तिचा हात बसला होता. पाहुणा नाक दाबून वर जातो, वरची खोली त्याला महाल वाटते आणि तो घासाघीस न करता पूर्ण भाव देतो.

"उद्या बुधवार," मी म्हटलं.

"हो. उद्या त्याला कळेल की खोली चांगली आहे आणि लोक घेतात." तिने वळकटी थोपटली. "हरकत नाही. सहा वर्षं इथेच झोपत होते की. तेव्हा गुडघा बरा होता, एवढंच."

वर जाऊन मी वन्संना सांगितलं. त्या उठून बसल्या. आधी त्यांनी निळी फीत ओढून दिवा लावला, मालवला, पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "काय डोकं आहे गं बाईचं! आणि मी गाढवीण तिच्याच अंथरुणावर घोरतेय."

"मग खोली सोडू या."

"सोडू या काय? उद्या तो येऊन विचारणार, का सोडली? काय सांगशील?"

"खोटं मी सांगणार नाही."

"तुझं ते कॉन्व्हेंट! नन गेल्या, शाळा पडली, ही अजून खरंच बोलतेय."

"आणि सोडली की वरची पूर्ण भावात घ्यावी लागेल, वन्सं."

यावर त्यांनी दिवा मालवला आणि भिंतीकडे तोंड केलं. पूर्ण भाव हा शब्द त्यांना शिवीसारखा लागतो.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी दीर आला. उंच, वाळका, इस्त्रीचा सदरा, हातात छत्री. किल्लेदारीण त्याच्या मागे दोन पावलांवर उभी होती आणि तिने किल्ल्यांचा जुडगा मुठीत घट्ट धरला होता, वाजू नये म्हणून.

"तुम्ही ही खोली घेतलीत?" त्याने मला इंग्रजीत विचारलं. "कशी आहे?"

मी म्हटलं, "इथे मला रात्रभर झोप लागली नाही. ही खोली भाड्याने देण्याजोगी नाही." दोन्ही वाक्यं शब्दशः खरी होती.

मला वाटलं, झालं. पण त्याने भिंतीवर हात फिरवला, अगदी वन्संसारखा. खिडकी उघडली. निळी फीत बोटात धरून पाहिली. मग म्हणाला, "निम्म्यात गेली ना? मग तक्रार कसली? अजून थोडा भाव उतरवू आणि रोज देऊ. काहीच न मिळण्यापेक्षा बरं."

किल्लेदारणीने मान खाली घातली. मी वन्संना मराठीत सांगितलं.

वन्सं उठल्या. पदर खोचला. "सांग त्याला, वहिनी, शब्द न् शब्द सांग. म्हणावं, बाबा रे, मी जन्मभर खरेदी केली आहे. तू ही स्वस्तात दिलीस की खालच्या बाजारात बोभाटा होईल, इथे निम्म्यात मिळते. मग वरच्याही सगळे निम्म्यातच मागतील. ही खोली द्यायची नाहीच मुळी. ही दाखवायची खोली आहे. ही बघितली म्हणून लोक वरच्यांना पूर्ण भाव देतात."

मी सांगितलं. दीर म्हणाला, "कोण देतं?"

वन्संनी मला विचारलं, तो काय म्हणाला. मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, एरंडेलाचा चमचा प्यावा तसा घोट गिळला, आणि बटवा काढला.

"मी देते. वरची, उजेडाची. तीनही रात्रींचे. काल इथे झोपले त्याचेसुद्धा वरच्याच भावाने."

आणि दिले. माझ्या देखत वन्संनी सांगितला तो भाव दिल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. सुस्कारासुद्धा टाकला नाही.

दीर पैशांकडे पाहत राहिला, मग खोलीकडे. मनातल्या मनात काहीतरी जुळवत होता. शेवटी हसला आणि भावजयीला त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला. तिने मान वर केली. तो छत्री उचलून निघाला, आणि दारातून वळून ती बादली पायाने जरा आत सरकवून गेला. त्याला काय कळलं आणि कधीपासून कळलं होतं, याचा विचार मी अजून करते.

"काय म्हणाला गं?" वन्संनी विचारलं.

"म्हणाला, दाखवत राहा," किल्लेदारीण म्हणाली. "आणि म्हणाला, इथे झोपतेसच तर पडदा जरा बरा लाव, लोक काय म्हणतील."

ती इतकी हसली की तिला पलंगावर बसावं लागलं. उंच पलंग, बसायला सोपा.

आमच्या सॅक तिनेच वर नेल्या, आम्ही नको नको म्हणत असताना, पायरी पायरीला थांबत. वरच्या खोलीचं दार उघडून म्हणाली, "उशी हुंगा, मावशी. नळ सोडा. सगळं बघून घ्या."

"आता काय बघायचंय?" वन्सं म्हणाल्या. "लुटलंस मला." आणि तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

बुधवार, १५ मार्च. खोली बदलली. वरच्या खोलीत दुपारभर ऊन येतं. मोजे धुऊन खिडकीत घातले होते, संध्याकाळपर्यंत वाळले.