मीठ बघणारे

ओळखीतले सगळे तिला दातवाली म्हणत, आणि तिला त्याचा राग नव्हता. वीस वर्षं ती एका लॅबमध्ये कवळ्या बनवत होती. मेणात दात बसवायचे, वरचा जबडा खालच्यावर टेकवून पाहायचा, खरवडायचं, पुन्हा टेकवायचं. हात अगदी स्थिर, पण जिवाला चैन म्हणून नाही. बसली की उठायची, उठली की कशाला उठले ते विसरायची.

ही तगमग कुठेतरी जिरवायला हवी म्हणून की काय, ती एका कॉम्प्युटर गेमसाठी नवनव्या जमाती रचायची. गेम मुळात दुसऱ्यांचा. ती आणि तिच्यासारखी आठ-दहा हौशी मंडळी त्यात स्वतःची माणसं, गावं, राज्यं घालत आणि असा बदललेला गेम, म्हणजे ‘मोड’, फुकट वाटत. बाकीचे तलवारी नाहीतर शिंगांपासून सुरुवात करत, दातवाली दातांपासून. दात ठरले की खातात काय ते ठरतं, मग पिकवतात काय, शेजाऱ्यांशी भांडतात कशावरून, सगळं ओघाने येतं. करवती दातांचे डोंगरी, दात आयुष्यभर वाढतात म्हणून सतत काहीतरी कुरतडणारे कारकून, अशा अकरा जमाती तिने उभ्या केल्या होत्या.

बारावीने मात्र तिचा पिच्छा पुरवला. या लोकांचे दात साठीला गळत, आणि गळले की माणसाचा मान वाढे. अशा वडीलधाऱ्यांना तिने कोठारं भरून मऊ अन्न दिलं, सगळ्या कष्टांतून मोकळं केलं. पण गेम चालवला की म्हातारे एकेक करून गावाबाहेर जाऊन बसत आणि उपाशी मरत. तिने अन्न दुप्पट केलं, थंडी कमी केली. तरी मरायचे ते मरायचेच.

गटाचे प्रमुख पेशाने भूगोलाचे मास्तर. ते फोनवर म्हणाले, "शनिवारी मोड बाहेर पडतोय. जमलं तर ठीक, नाहीतर ही वगळू. अकरा काय कमी आहेत?"

"ही वगळायची नाही, सर."

"का पण?"

का ते तिला सांगता येईना. कारण आतल्या खोलीत होतं. वडिलांचे सगळे दात काढून सहा महिने झाले होते. गावाला हसती तोंडं देणाऱ्या या बाईने बापासाठी तीन कवळ्या केल्या, पण झिजलेल्या हिरड्यांवर एकही टिकली नाही. तेव्हापासून ते ताट घेऊन आत जायचे, दार लावायचे आणि निम्मं परत आणायचे. जन्मभर सुतारकाम केलेल्या माणसाचं मनगट आता तिच्याहून बारीक दिसे. तिला भीती वाटत होती, साधी सरळ भीती.

शुक्रवारी संध्याकाळी ती कॉम्प्युटरसमोर नखं खात बसली होती. निम्मं ताट घेऊन ते मागे थांबले.

"हे कोण?"

"म्हातारे आहेत. मरतात. का ते कळत नाही, बाबा."

"काम काय करतात?"

"काही नाही. आराम."

"मग जेवायला येतील कशाला?" एवढं म्हणून ते ताट ठेवायला गेले.

तिने घाईघाईने जमातीची फाइल उघडली. गेमचा नियमच होता, ज्याला काम नेमलेलं नाही त्याला जेवणघराचं दार उघडत नाही. आणि तिने, आदरापोटी, त्यांच्या कामाचा रकाना कोरा ठेवला होता. ती ताडकन उठली, पुन्हा बसली, आणि रकान्यात लिहिलं, 'मीठ बघणारे'. आधी यांनी चाखायचं, मग गावाने जेवायचं. गेम सुरू केला. गावाबाहेर बसलेला एक म्हातारा उठून चालू लागला. मग दुसरा.

शनिवारी दुपारी भाजी उकळत असताना तिने आत हाक मारली. "बाबा, जरा मीठ बघता?"

ते आले. तळहातावर थेंबभर रस्सा घेऊन चाटला. "बरोबर आहे. इतकी वर्षं स्वयंपाक करतेस, तुला कळत नाही?"

ती उगाच ढवळत राहिली.

"ते तुझे म्हातारे," ते म्हणाले, "जगले का?"

"जगले."

त्यांनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग टेबलाजवळची खुर्ची ओढली आणि बसले.

"वाढ इथेच," ते म्हणाले. "आणि चिमूटभर मीठ टाक. कमीच आहे."