पाच रात्रींची तयारी

शाळेतून आलेला तो कागद मी शिलाई मशीनच्या खणात चार दिवस दडवून ठेवला. औंढ्याच्या अलीकडे एका वसतिगृहात मुलांचं निवासी उन्हाळी शिबिर होतं, पाच रात्रींचं. माझी लेक नुकतीच चौथीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती आणि तिच्या वर्गातल्या सहा मुली जाणार होत्या. तिथे दुर्बिणीतून शनीची कडी दाखवणार हे कळल्यापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "शनी बघायला तिथवर काहून जायचं? त्यो तर घरबसल्या मागं लागून राहिला." लेक हसली, मीही हसले, पण कागद काही खणातून काढला नाही.

मी रोज नवं निमित्त काढत होते. ऊन फार आहे, तिथे विंचू निघतात, तुला तिथली भाजी आवडणार नाही. माझ्याकडे ब्लाऊज शिवायला येणाऱ्या बायकांना मी कितीदा तरी सांगितलं असेल, की मुलींना बाहेर पाठवावं, धीट करावं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. खरं कारण एकच होतं आणि ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं. माझी दहा वर्षांची लेक अजूनही झोपेत अंथरूण ओलं करत होती.

रोज नाही. कधी पंधरा दिवस कोरडे जायचे, मी निर्धास्त व्हायचे, आणि सोळाव्या दिवशी सकाळी ती मान खाली घालून दारापाशी उभी असायची. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, की दोष काही नाही, काहींचं उशिरा थांबतं, रागावू नका. सासूबाईंनी काळे तीळ आणि गूळ कुटून लाडू वळले होते. लेकीला ते इतके आवडले, की डबा आठ दिवसांत रिकामा झाला. बाकी फरक शून्य. घरात या गोष्टीवर कुणी बोलत नसे. सगळे उठायच्या आधी मी चादर भिजवून टाकायचे आणि विषय तिथेच संपायचा.

पाचव्या दिवशी तिच्या मैत्रिणीच्या आईचा फोन आला, की तुमच्या मुलीचा अर्ज अजून कसा आला नाही, सर विचारत आहेत. फोन नेमका लेकीनेच उचलला होता. ती मशीनजवळ येऊन उभी राहिली.

"मम्मी, तू कागद दडवला?"

"व्हय."

"त्याच्यामुळंच ना?"

मी मान हलवली. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, "मला जायचंय. झालं तर मी बघते काय करायचं ते." एवढंसं लेकरू आणि म्हणे मी बघते! तरी त्याच संध्याकाळी मी अर्जावर सही केली. नवरा मोंढ्यात हळदीच्या आडत्याकडे कामाला आहे. तो घरी आला, अर्ज पाहिला आणि एवढंच म्हणाला, "इचार करून केली ना सही? मंग झालं."

तयारी सुरू झाली. कागदावरची यादी सोपी होती: टॉर्च, टोपी, दोन टॉवेल, अंथरूण-पांघरूण, ताट-वाटी-पेला, आणि प्रत्येक वस्तूवर मुलीचं नाव. आमच्या मांडणीवर आमच्या नावाचं एकही ताट निघेना. सगळी लग्नातल्या आहेराची. एकावर मावशीचं नाव कोरलेलं, एकावर सासऱ्यांच्या कुण्या दोस्ताचं. शेवटी ज्या ताटावरचं नाव घासून पुसट झालं होतं, त्यावर भांड्याच्या दुकानातून तिचं नाव घालून आणलं. हे सगळं एका दुपारी उरकलं. यादीत नसलेल्या गोष्टीने मात्र पुढचे दहा दिवस खाल्ले.

बहिणीला फोन केला, कारण तिच्या मुलालाही पूर्वी हा त्रास होता. ती म्हणाली, तान्ह्या बाळांसाठी रबरी कापड मिळतं, ते खाली घाल. पण ते तर सगळ्या मुलींना दिसणार. माझ्याकडे एक नर्सबाई ब्लाऊज शिवायला येतात, त्यांना माप घेता घेता हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, संध्याकाळनंतर पाणी कमी द्या. मे महिन्यात, आमच्या वसमतच्या उन्हात! मी बरं म्हटलं आणि सोडून दिलं. मग माझी मलाच एक युक्ती सुचली आणि मी स्वतःवर भलतीच खूश झाले.

दिरांच्या शेतातून खताची रिकामी पोती आली होती. त्या पोत्याच्या आत प्लास्टिकची एक पिशवी असते. आमच्याकडे ती कुणी टाकून देत नाही, पावसात डोक्यावर घ्यायला, धान्य झाकायला, कशालाही कामी येते. अशा दोन पिशव्या मी साबणाने तीनदा धुतल्या, खताचा वास जाईपर्यंत उन्हात टाकल्या, आणि जुन्या साड्यांची वाकळ शिवायला घेतली होती, तिच्या दोन थरांच्या मधोमध घातल्या. एरवी वाकळीला आडवे-उभे टाके पडतात. मी फक्त चारी कडा शिवल्या, म्हणजे प्लास्टिकला भोकं पडायला नकोत. वरून बघणाऱ्याला ती साधी वाकळच दिसत होती.

दुपारी लेकीला तिच्यावर झोपवून पाहिलं. ती कुशीवर वळली आणि वाकळ चुरचुर वाजली. परत वळली, परत वाजली. नुसता पाय हलवला तरी आवाज. बाहेरून सासूबाई ओरडल्या, "कोण पापड खाऊन राहिलं गं?" आम्ही दोघी हसून हसून लोळलो. पण हसू ओसरलं तसा लेकीचा चेहरा उतरला. "मम्मी, सगळ्या जणी इचारतील ना, हे काय वाजून राहिलं म्हणून." अति शहाणा, त्याचा बैल रिकामा. मी कडेचे टाके उसवायला बसले. मला खूप भीती वाटत होती, कारण आता माझ्याकडे दुसरा कुठलाच उपाय उरला नव्हता.

मग तिनेच ठरवलं. गडद रंगाची साधी वाकळ न्यायची. जास्तीचे कपडे काळ्या पिशवीत ठेवायचे. झालंच तर वाकळीची घडी ओली बाजू आत घालून करायची आणि दुपारी उन्हात टाकायची. सगळं सांगून झाल्यावर तिने माझा हात धरला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"तिथं कोणालाच सांगणार न्हाई म्हण. माझी शपथ."

लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली, तर ती लेकराला बाधते, असं आमच्याकडे मानतात. मी असलं काही मानत नाही, असं सांगत असते. तरी हात ठेवताना मी घाबरले. "न्हाई सांगणार," म्हणाले, आणि तेव्हा ते मनापासून म्हणाले.

सोडायला मीच गेले. एसटीने तासाभराचा रस्ता. वसतिगृहात एक लांबलचक खोली, खाली सतरंज्या, भिंतीला टेकवलेल्या बॅगा. ज्या मुली आधी आल्या होत्या त्यांनी अंथरुणं टाकून जागा धरल्या होत्या आणि दोन अंथरुणांमध्ये जेमतेम वीतभर अंतर होतं. ते अंतर पाहून माझ्या तोंडचं पाणी पळालं. लेक मैत्रिणींच्या घोळक्यात आत गेली, आणि नेमक्या तेव्हाच शिबिराच्या ताई दारात भेटल्या. तरुण होत्या, हसऱ्या होत्या. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी सगळं सांगून टाकलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "दरवर्षी दोघी-तिघी असतात. तुम्ही काळजी करू नका." मला इतकं हलकं वाटलं, की रडूच आलं. पण परतीच्या गाडीत बसल्यावर तिच्या डोक्यावर ठेवलेला हात आठवला आणि वसमत येईपर्यंत जीव खालीवर होत राहिला.

त्या दिवसांत मी एका ब्लाऊजच्या बाह्या उलट्या जोडल्या. फोन वाजला की मशीन तशीच सोडून धावायचे. साप, विहीर, उलट्या, काय काय मनात यायचं, आणि प्रत्येकाच्या मागे ती शपथ. मी मानत नाही म्हणते ना, ती. सासूबाई म्हणाल्या, "लेकरू शिबिराला गेलंय का लढाईला?" तिसऱ्या दिवशी ताईंच्या फोनवरून लेक मिनिटभर बोलली. "मी बरी हाय. शनी दिसला. ठेवते." झालं की नाही झालं, ते त्या आवाजावरून कळेना. मी दिवसभर तोच आवाज मनात उलटून पालटून ऐकत बसले.

आणायला गेले तेव्हा ती उन्हाने रापली होती, बाकी अगदी ठणठणीत. मैत्रिणींना हात हलवत गाडीत चढली, खिडकीजवळ बसली. वसतिगृह मागे पडून गाडी वसमतच्या रस्त्याला लागली तेव्हा बोलली.

"परवा झालं."

मी मांडीवरची तिची बॅग खाली ठेवली.

"सगळ्या दात घासायला गेल्या, तवर मी अंथरुणातच बसून राहिले. मंग मीच ताईकडं गेले. कसं सांगायचं ते जाताना मनात घोकलं. आन् सांगितलं."

मी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. ती तशीच ताठ बसून होती.

"ताई म्हणल्या, मला माहीत हाय बाळा, तुझ्या मम्मीनं पहिल्याच दिवशी सांगितलंय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मंग मी काहून घोकलं?"

मी म्हणाले, माझं चुकलं. मी घाबरले होते, तुला कुणी हसू नये म्हणून सांगितलं. सगळं खरंच होतं, पण बोलताना मलाच ते पोकळ वाटत होतं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "अजून कोणाकोणाला सांगितलं?"

खोटं बोलायची आता सोय नव्हती. मी एकेक सांगत गेले. मावशीला. ब्लाऊजवाल्या नर्सबाईंना. शेजारच्या काकूंना आजीने सांगितलं होतं, लाडवांचे तीळ मागायला गेली तेव्हा. काकूंच्या सुनेला काकूंनी सांगितलं असणार. पप्पांना तर ठाऊकच आहे. कंडक्टर तिकिटाला आला तेव्हा मी गप्प झाले, तो पुढे गेल्यावर परत सांगू लागले.

ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "म्हंजे कोणालाच माहीत न्हाई, असं एकट्या मलाच वाटत होतं."