एका डोळ्याचे गणपती

घरातले आजाराचं नाव घेतात, पण वडिलांच्या हातून काम काढून घेतलं ते मी.

पेणला गणपतीच्या कारखान्यात ते डोळ्यांची आखणी करायचे. मी रोह्याला केमिकल कंपनीत, आमचं सगळ्यांचं घर शेजारच्या अष्टमी गावात. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बाबा नावं विसरू लागले, म्हणून त्यांना मुंबईला नेलं. मेंदूचे फोटो काढून पुढे कोणाची स्मृती जाईल हे आधीच ओळखता येतं का, याचा तिथले डॉक्टर अभ्यास करत होते. फिल्म दिव्यासमोर धरून ते म्हणाले, "हा भाग थोडा लहान वाटतो. पण एका फोटोवरून काही ठरत नाही. वर्षाने परत काढू, मग दोन्ही ताडून बघू."

मी 'लहान' एवढंच घेऊन घरी आलो. बाबांवर माझी पाळत सुरू झाली. त्यांनी साखर दोनदा घातली का, हे मी चहा चाखून बघायचो.

"काय रे, पोलिसात लागलास काय?" बाबा म्हणाले. मी हसलो, आणि हेच ते काल बोलले होते का, ते आठवत बसलो.

श्रावणात सुट्टी घेऊन कारखान्यात गेलो. बाबा चहाला बाहेर गेलेले. त्यांच्या पाटावर अकरा मूर्ती, सगळ्यांना फक्त डावा डोळा. उजवे काढायचे ते विसरले, असंच मला वाटलं. थेट मालकाला गाठून फिल्मचं सांगितलं. मूर्तींचा विषय काढला नाही; त्याने ते पाहिलंच असेल असं धरून चाललो.

मालक गांगरला. "काकांचा हात अजून झक्कास हाय. पण फोटोतच आलंय म्हणता..."

दुसऱ्या दिवसापासून बाबा कच्च्या मूर्ती पॉलिशपेपरने घासू लागले. नवख्यांचं काम. तेही ते रोज मन लावून करू लागले. त्या मन लावण्याचाही मला संशय आला.

आठवड्याने पुन्हा गेलो. बाबांच्या जागी बसलेल्या कारागिराने ओळीने सगळे डावे डोळे काढले, पाट फिरवला आणि मग उजवे सुरू केले.

"असं का?"

"हात एका वळणात बसला की एकाच बाजूचे उरकायचे. काकांनीच शिकवलं. तुम्हाला ठाव नाय?"

नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

मालकाला माझी चूक सांगितली. मग बाबांजवळ जमिनीवर बसलो. त्यांच्या भुवया धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या.

"बाबा, मालकाला मीच सांगितलं. एकेक डोळा बघून घाबरलो, तुम्हाला विचारलं नाही. परत फोटो काढायचा की नाही, ते तुम्हीच ठरवा. चुकलो मी. माफ करा."